विश्लेषण : पूर ओसरला, पण फोन लागत नाही... आपल्या माणसांची खुशाली कशी घ्यायची?

वैनगंगेला पूर आल्याची बातमी मोबाइलवर झळकते आणि नागपूर, पुणे, मुंबईत राहणारा भंडाऱ्याचा माणूस लगेच गावातल्या मित्राला फोन लावतो. पलीकडून ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ एवढेच ऐकू येते. दुसरा नंबर, तिसरा नंबर, तेच उत्तर. अशा वेळी नेमके काय करायचे, कोणाला विचारायचे आणि संपर्क झाल्यावर काय बोलायचे, हे बहुतेकांना माहीत नसते. ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा महापूर आणि त्याच वर्षीचे निसर्ग चक्रीवादळ या दोन्ही आपत्तींनी हा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठळकपणे आणला. त्याची ही उकल.

ऑगस्ट २०२० मध्ये भंडाऱ्यात काय घडले?

ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या आठवड्यात मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावते. त्याच जिल्ह्यात तिच्यावर भीमगडचे धरण आहे, ज्याला संजय सरोवर म्हणतात. ते भरल्याने मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले. ते बालाघाटमार्गे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांकडे आले. त्याच दिवसांत पेंच नदीवरील तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांतूनही विसर्ग सुरू होता. पेंचचे पाणी कन्हान नदीत येते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. म्हणजे दोन मोठ्या प्रवाहांचे पाणी जवळपास एकाच वेळी एका ठिकाणी येत होते. त्याच्या खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याचे सर्व ३३ दरवाजे उघडण्यात आले.

भंडारा शहराजवळ कारधा येथे वैनगंगेची पातळी मोजली जाते. तिथली धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. २९ ते ३१ ऑगस्ट या शनिवार ते सोमवारच्या काळात नदीने ती बरीच मागे टाकली. शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. पूर पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गेला. ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारखी गावे पाण्याने वेढली गेली. बचावासाठी राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोटी घेऊन उतरल्या.

काळही अवघड होता. गणेशोत्सव सुरू होता, १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. करोनाची साथ जोरात होती. एरवी पुराची बातमी ऐकताच गाडी काढून गावाकडे निघणारी माणसे त्या वेळी घरातच अडकून पडली. खुशाली घेण्याचे सगळे ओझे फोनवर येऊन पडले.

समुद्रापासून इतक्या दूर वादळाचा संबंध काय?

भंडारा दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. चक्रीवादळ इथे किनाऱ्यासारखे धडकत नाही. पण बंगालच्या उपसागरात पावसाळ्यात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकतात आणि वाटेत पूर्व विदर्भ व मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस पाडतात. २०२० च्या पुरामागेही अशीच प्रणाली होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी पुरीजवळ किनारा ओलांडून आत आलेल्या अशाच एका प्रणालीने विदर्भात अतिवृष्टी केली आणि भंडारा जिल्हा पुन्हा पुरात सापडला.

अटलांटिक महासागरात ज्याला ‘हरिकेन’ म्हणतात, पश्चिम पॅसिफिकमध्ये ‘टायफून’, त्यालाच आपल्याकडे चक्रीवादळ म्हणतात. वाऱ्याचे तडाखे किनाऱ्यावर बसतात, पाण्याचे तडाखे मात्र आतल्या भागापर्यंत पोहोचतात. त्यामुळे भंडाऱ्याचे संकट बहुधा नदीच्या वाटेने येते. त्यात एक फसवी गोष्ट असते. गावावर ऊन पडलेले असू शकते आणि तरीही वरच्या भागात झालेल्या पावसाचे पाणी रात्रीतून दारात येऊ शकते. बाहेरगावच्या माणसाने ‘तिकडे पाऊस आहे का?’ एवढेच विचारून निश्चिंत होणे म्हणूनच चुकीचे ठरते.

फोन नेमका का लागत नाही?

बहुतेक वेळा कारण साधे असते : वीज. मोबाइल टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर काही तास आणि मग डिझेल जनरेटरवर. रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेल पोहोचत नाही आणि टॉवर बंद पडतो. पुराच्या वेळी अपघात टळावेत म्हणून वीजपुरवठा मुद्दामही बंद केला जातो.

दुसरे कारण केबलचे. टॉवर उभा असला तरी त्याला बाकीच्या जाळ्याशी जोडणारी फायबर केबल रस्त्याच्या कडेने किंवा पुलावरून गेलेली असते. रस्ता खचला, पूल वाहून गेला की ती तुटते. अशा वेळी फोनवर नेटवर्कच्या दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही.

तिसरे कारण गर्दीचे. एका टॉवरला एका वेळी ठरावीक संख्येनेच कॉल पेलता येतात. पुराची बातमी येताच शेकडो लोक एकाच परिसरात फोन लावू लागतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा लाखो लोकांनी हाच अनुभव घेतला होता.

चौथे कारण सर्वांत साधे : समोरच्याच्या फोनची बॅटरी. दोन दिवस वीज नसलेल्या घरात उरलेले दहा टक्के चार्जिंग हे मदत मागण्याचे एकमेव साधन असते. ‘सुखरूप आहेस ना?’ असे विचारणारे वीस फोन आले तर ते तिथेच संपते. काळजीपोटी केलेले फोनच अशा वेळी माणसाला मुके करू शकतात.

कॉल लागत नसताना एसएमएस का जातो?

साध्या एसएमएसला फारच कमी जागा लागते. कॉलसाठी दोन्ही टोकांमध्ये अखंड जोडणी हवी असते, एसएमएसला ती नको. समोरचा फोन बंद असेल तर संदेश कंपनीच्या यंत्रणेत थांबतो आणि फोन जाळ्यात आल्यावर पोहोचवला जातो. रात्री दोन वाजता पाच मिनिटांसाठी टॉवर सुरू झाला तरी तो पोहोचू शकतो. इंटरनेटही लागत नाही. म्हणून आपत्तीच्या पहिल्या काही तासांत कॉल आणि व्हिडिओ कॉलपेक्षा एसएमएस अधिक भरवशाचा.

संदेश छोटा आणि उत्तर देण्यास सोपा असावा. उदाहरणार्थ : ‘सुखरूप असशील तर फक्त हो लिही. कुठे आहेस तेही लिही. नागपूरच्या सगळ्यांना मी कळवतो, बाकी कोणी फोन करणार नाही.’ अशा संदेशाने समोरच्याची बॅटरी वाचते आणि त्याच्या डोक्यावरचा एक भारही उतरतो.

व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसते. घाबरायचे का?

नाही. एक राखाडी टिक म्हणजे संदेश कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेला, समोरच्या फोनपर्यंत नाही. फोन बंद, टॉवर बंद, इंटरनेट बंद यापैकी काहीही त्याचे कारण असू शकते. संपूर्ण गावातल्या सगळ्यांना एकच टिक दिसत असेल, तर बिघाड टॉवरचा आहे असे समजावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दोन टिक दिसतात आणि एकाच माणसाला एक, तेव्हा मात्र चौकशीचा वेग वाढवावा.

दोन टिक दिसणे म्हणजे माणूस सुखरूप असल्याचा पुरावा नव्हे. फोन सुरू झाला आणि इंटरनेट मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. पण ती एसएमएस पुन्हा पाठवण्याची किंवा एकदा फोन लावून पाहण्याची योग्य वेळ असते.

दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरता येते का?

काही वेळा येते. एकाच भागातील एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर तिच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा देण्याच्या सोयीला ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ म्हणतात. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग ती सुरू करायला सांगतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातमधील किनारी जिल्ह्यांत ती वापरली गेली. त्यासाठी पुरात अडकलेल्या व्यक्तीने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ ऐवजी ‘मॅन्युअल’ करून उपलब्ध कंपन्यांपैकी एकेक वापरून पाहावी. हे पुराआधीच घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवले तर उपयोगी पडते.

चौकशीचा क्रम काय असावा?

सर्वांत आधी ओळखीच्या गटातून एक माणूस ठरवावा. तोच विचारेल, तोच सगळ्यांना कळवेल. शाळेच्या जुन्या मित्रांचा व्हॉट्सॲप गट असेल तर हे दोन मिनिटांत होते. कोणाशी कधी बोलणे झाले याची यादी त्या गटावर ठेवावी : नाव, गाव, शेवटचा संपर्क, सध्याचा ठिकाणा. ‘कोणीतरी सांगितले, ते ठीक आहेत’ ही नोंद पुरेशी नाही. ‘कोणी’ आणि ‘कधी’ हे लिहिलेले असावे.

दुसरी पायरी गावातल्या माणसांची. मित्राचा फोन लागत नसेल तर शेजारी, किराणा दुकानदार, गावातला शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल यांपैकी कोणाचा तरी लागतो. या माणसांना कोणत्या घरातली माणसे कुठे हलवली आहेत हे सहसा ठाऊक असते. आशा सेविकेला गावातल्या गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसांची माहिती असते. तिच्याकडे त्या दिवशी शंभर कामे असतात, म्हणून एकदाच आणि नेमके विचारावे.

तिसरी पायरी प्रशासनाची. पुरात अडकलेल्यांना शाळा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालयात हलवले जाते आणि तिथे नोंद ठेवली जाते. तहसील कार्यालय आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला निवारा केंद्रांची माहिती असते. नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. इथे एक चूक हमखास होते. पुण्यातून नुसते १०७७ फिरवले तर फोन पुण्याच्या कक्षात लागू शकतो. बाहेरून लावताना आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड जोडावा लागतो. भंडाऱ्याचा कोड ०७१८४ आहे. राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० हा क्रमांक आहे. जिवाला धोका असेल तर ११२. मात्र आपण बोलतो आहोत ते ठिकाण वेगळे आणि संकट आहे ते ठिकाण वेगळे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

चौथी पायरी रुग्णालय आणि पोलीस ठाण्याची. वरचे सगळे मार्ग संपले आणि शेजारच्या घरांशी संपर्क होऊनही त्या माणसाचा पत्ता लागत नसेल, तर पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची नोंद करण्यास उशीर करू नये.

नियंत्रण कक्षाला काय सांगायचे?

‘माझा मित्र पुरात अडकला आहे, काहीतरी करा’ या वाक्याने बोट निघत नाही. फोन लावण्याआधी कागदावर या गोष्टी लिहून घ्याव्यात : पूर्ण नाव, अंदाजे वय, गाव, तालुका, वॉर्ड किंवा टोली, घराजवळची ओळखीची खूण, घरात किती माणसे, त्यात लहान मुले, म्हातारी किंवा अंथरुणाला खिळलेली माणसे किती, कोणाला रोजचे औषध किंवा डायलिसिस लागते का, शेवटचे बोलणे कधी झाले आणि तेव्हा पाणी कुठपर्यंत होते. शक्य असल्यास लोकेशनची लिंक. एकाच नावाची गावे असतात म्हणून तालुका सांगितलाच पाहिजे. पवनी आणि लाखांदूर तालुक्यांत शेवटचे पुलावरचे गाव कोणते, हेही सांगितले तर पथकाला वाट ठरवता येते.

जनावरांचाही उल्लेख करावा. गोठ्यातल्या म्हशी आणि बैल सोडून घर सोडायला अनेक शेतकरी तयार होत नाहीत. घरात माणूस का थांबला आहे, हे बचाव पथकाला आधी कळले तर त्याला समजावणे सोपे जाते.

संपर्क झाल्यावर पुन्हा नियंत्रण कक्षाला फोन करून ‘माणूस सापडला’ असे सांगणे तितकेच आवश्यक. नाहीतर एखादे पथक सुखरूप माणसाला शोधत राहते आणि खरोखर अडकलेला वाट पाहत बसतो.

निसर्ग चक्रीवादळाने काय शिकवले?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले, झाडे पडून रस्ते अडले. रायगड आणि रत्नागिरीतील दापोली, मंडणगड भागातल्या कित्येक गावांशी दिवसेंदिवस संपर्क नव्हता. मुंबईतले चाकरमानी टाळेबंदीमुळे लगेच निघूही शकत नव्हते, कारण जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. अशा वेळी गावातून तालुक्याला गेलेला कोणीही माणूस खुशालीचा निरोप्या होतो. तो जिथे नेटवर्क मिळेल तिथे थांबतो आणि दहा घरांचे निरोप एकदम पाठवतो. गावातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती नावे आणि नंबर लिहिलेला कागद देणे ही जुनी रीत आजही चालते.

परदेशात चित्र थोडे वेगळे असते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे हरिकेनने अमेरिकेतील ह्यूस्टन शहर पाण्याखाली घातले, तेव्हा काळजी करणारे आईवडील भारतात होते आणि मुले तिकडे. ह्यूस्टन विद्यापीठातील सुमारे २०० भारतीय विद्यार्थी पाण्याने वेढले गेल्याची माहिती तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दिली होती आणि भारताच्या तिथल्या वाणिज्य दूतावासाने मदत केली. परदेशी आपत्तीत दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, विद्यापीठ किंवा कंपनीचा संपर्क आणि तिथले मराठी मंडळ हे तीन धागे आधीच हाताशी असावेत. फेसबुकने २०१४ मध्ये ‘सेफ्टी चेक’ ही सोय आणली, तिचा आधार हाच आहे : एका खुणेने सगळ्यांना एकदम ‘मी सुखरूप आहे’ असे कळवणे.

फोन लागला. आता काय बोलायचे?

पहिला प्रश्न माणसांचा : ‘सगळे बरोबर आहेत ना? कोणाला लागले-खुपले नाही ना?’ नुकसानीचा प्रश्न नंतर. ज्याच्या घरात रात्रभर पाणी होते त्याला ‘किती नुकसान झाले?’ हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला नको असतो, कारण त्याने अजून मोजलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत येतो : पाहा, ऐका, जोडा. माणसाला तातडीने काय हवे ते पाहावे. तो सांगेल तेवढे ऐकावे, खोदून विचारू नये. आणि त्याला अन्न, औषध, नातेवाईक, सरकारी मदत यांच्याशी जोडून द्यावे.

काही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात आणि तरीही टोचतात. ‘जीव वाचला ना, मग झाले’, ‘दुसऱ्यांचे तर तुझ्यापेक्षा वाईट झाले’, ‘आम्ही तर आधीच सांगितले होते, नदीकाठी घर बांधू नका.’ धानाची बांधी गाळाखाली गेलेल्या शेतकऱ्यासाठी ‘जीव वाचला’ हे खरे असले तरी पुरेसे नसते. ऑगस्टअखेरीस रोवणी होऊन गेलेली असते. बियाणे, खत, रोवणीची मजुरी हा सगळा खर्च जमिनीत गेलेला असतो आणि नवे पऱ्हे टाकायला हंगाम उरत नाही. त्याऐवजी ‘भाऊ, आज रात्री झोपायची सोय कुठे आहे?’, ‘काकाजी, बीपीच्या गोळ्या आहेत का, किती दिवस पुरतील?’ असे नेमके प्रश्न कामाचे असतात. ‘काही लागले तर सांगा’ यापेक्षा ‘मी उद्या दुपारी पुन्हा फोन करतो’ हे जास्त आधार देते. मात्र मग तो फोन करायलाच हवा.

घरी परतणाऱ्याला कोणत्या गोष्टींची आठवण करून द्यावी?

दूरच्या माणसाचा एक मोठा उपयोग असतो : त्याचे डोके शांत असते. फोनवरून त्याने पुढील गोष्टी आठवण करून द्याव्यात.

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावू नये. पुरानंतर साप कोरड्या जागा शोधत घरात येतात. लाकडे, तणसाचे ढीग, अंथरुणे काठीने हलवूनच उचलावीत. सर्पदंश झाल्यास थेट आरोग्य केंद्र गाठावे. विहीर आणि हातपंपाचे पाणी तपासून, शुद्ध करून मिळेपर्यंत उकळून प्यावे.

गाळ काढण्याआधी फोटो काढावेत : भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली भिंत, भिजलेले धान्य, मेलेली जनावरे, शेतातला गाळ. पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, पण सगळीकडे एकाच दिवशी पोहोचू शकत नाहीत. घरच्यांना घर स्वच्छ करावेच लागते. फोटो असतील तर नुकसान दाखवता येते. ते फोटो बाहेरगावच्या मित्राने आपल्याकडे जपून ठेवावेत, कारण गावातला फोन भिजू शकतो. पंचनाम्याच्या यादीत नाव आले का, बँक खाते बरोबर नोंदले का, याचा पाठपुरावाही त्याला दुरून करता येतो. विमा असेल तर कळवण्याची मुदत त्याच दिवशी पाहावी.

आधार कार्ड, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका भिजल्या असतील तर पाने ओढून वेगळी करू नयेत. सावलीत, पंख्याच्या किंवा वाऱ्याच्या झोतात सुकवावीत. सातबारा पुन्हा काढता येतो, हे सांगितले तरी घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

अफवा आणि फसवणूक कशी ओळखायची?

पूर आला की जुन्या पुरांचे व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. ‘धरण फुटले’ असा संदेश एका रात्रीत हजारो लोकांना घराबाहेर काढू शकतो. धरणाचे दरवाजे उघडणे आणि धरण फुटणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दरवाजे उघडले जातात ते धरण सुरक्षित ठेवण्यासाठी. त्यामुळे खाली पूर येऊ शकतो, म्हणून आधी इशारा दिला जातो, गावात दवंडी दिली जाते. संदेश पुढे पाठवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा माहिती कार्यालयाच्या अधिकृत खात्यावर तो आहे का, ते पाहावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ ॲपवर अधिकृत इशारे मिळतात. २०२३ मध्ये देशभरातील फोनवर मोठा आवाज करत चाचणीचे संदेश आले होते. तीच यंत्रणा खऱ्या इशाऱ्यासाठी आहे.

‘मी पुरात अडकलो आहे, या नंबरवर पैसे पाठवा’ असा संदेश मित्राच्या नावाने आला, तर आधी त्याच्या आवाजात खात्री करावी. फोन लागत नसेल तर फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

खुशालीचे काम पहिल्या फोननंतर संपते का?

खरे काम तिथून सुरू होते. पहिल्या तीन दिवसांत सगळ्यांचेच फोन येतात. पुढारी येतात, कॅमेरे येतात, खिचडीची पाकिटे येतात. तिसऱ्या आठवड्यात कोणी येत नाही. तेव्हा घरात ओल असते, किराणा उधारीवर असतो, शेतात सडलेल्या धानाचा वास असतो आणि मदतीच्या यादीबद्दल रोज नवी बातमी असते. याच काळात माणूस एकटा पडतो.

झोप न लागणे, पाऊस सुरू झाला की दचकणे, चिडचिड, गप्प राहणे हे पुरातून गेलेल्या माणसाच्या बाबतीत स्वाभाविक आहे. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटू लागते. पण तो जेवण टाळू लागला, दारू वाढली, ‘आता जगून काय करायचे’ असे बोलू लागला, तर मित्राने ते थट्टेवारी नेऊ नये. ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. घरच्यांना कळवणे आणि त्याला एकटे न सोडणे हे त्याआधीचे काम.

ज्याला साधे जमते त्याने फोनमध्ये तीन तारखा लावून ठेवाव्यात : पुरानंतर एक आठवडा, एक महिना आणि दिवाळी. धान कापणीच्या काळात येणारी दिवाळी पूरग्रस्त घरात सर्वांत जड जाते. त्या दिवशीच्या फोनला पहिल्या दिवशीच्या फोनइतकेच मोल असते.

पुढच्या पावसाळ्याआधी काय करता येईल?

नदी ही नकाशावरची एक साखळी आहे : शिवनी, बालाघाट, तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज. पाणी या क्रमाने खाली येते आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच वाचण्याची संधी. या पट्ट्यातले सोयरसंबंध जुने आहेत. बालाघाटला मामा आणि भंडाऱ्याला भाचा असणे इथे नवे नाही. म्हणजे खुशाली विचारण्याची ही साखळी पूर येऊन गेल्यावर नव्हे, तर आधीही वापरता येते. बालाघाटच्या नातेवाईकाने ‘इकडे नदी पात्र सोडून वाहते आहे’ असे कळवले, तर भंडाऱ्याच्या माणसाला धान्य माळ्यावर चढवायला, जनावरे उंचावर न्यायला आणि म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोहोचवायला वेळ मिळतो. त्याने तोच निरोप पवनी आणि ब्रह्मपुरीला द्यावा. अधिकृत इशाऱ्याला हा पर्याय नाही, पण इशारा ऐकून हलायला लोकांना ओळखीच्या आवाजाचा धक्का लागतो, हेही तितकेच खरे.

यासाठी खर्च काहीच नाही. प्रत्येक घराने जूनमध्ये एका कागदावर पाच नंबर लिहून दाराच्या मागे चिकटवावेत : गावाबाहेरचा एक माणूस, ज्याला सगळे कळवतील, वरच्या भागातला एक, खालच्या भागातला एक, पोलीस पाटील आणि नियंत्रण कक्ष. फोन बंद पडला की त्यातले नंबरही जातात, कागदावरचे राहतात. बाहेरगावी राहणाऱ्यांनी गावातल्या आणखी दोन घरांचे नंबर आपल्याकडे घेऊन ठेवावेत. एक पॉवर बँक गावी नेऊन द्यावी आणि ती जूनमध्ये चार्ज केली का, हे विचारण्याच्या निमित्ताने एक फोनही करावा. पाणी चढल्यावर लागला नाही तरी चालेल, असा तो फोन असतो, कारण काय करायचे ते तोवर दोन्ही टोकांना ठाऊक झालेले असते.